बदली दस्त्याचा इतिहास : बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल, यंत्रनिर्मिती आणि हातकाम

सारांश

सुट्या भागांची अदलाबदल करता येणे हे आधुनिक कारखानदारीचे मूलतत्त्व मानले जाते आणि या तत्त्वाचा पाळणा बंदुकीच्या कारखान्यात हलला, असे तंत्रज्ञानाच्या इतिहासात शिकविले जाते. मात्र बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलीचा जुना दस्ता काढून दुसऱ्या कारखान्याचा बदली दस्ता बसविताना हे तत्त्व अपुरे पडते आणि शेवटचे काम हातानेच करावे लागते. प्रस्तुत शोधनिबंधात १८१९ ते विसाव्या शतकाची अखेर या काळातील दस्त्याच्या निर्मितीचा व बदलाचा, प्रामुख्याने अमेरिकेच्या संदर्भात, आढावा घेतला आहे. भारतीय परिस्थितीशी त्याची तुलना केली असून बदललेला दस्ता इतिहासाचे साधन म्हणून कसा वाचावा, याचाही विचार केला आहे.

बीजसंज्ञा : दस्ता, खाचकाम, बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल, अदलाबदलक्षमता, हस्तकौशल्य, भौतिक साधने.

प्रस्तावना

बंदुकीचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने नळी, काडतूस आणि चापाची यंत्रणा यांकडे जाते. ज्या लाकडी भागावर हे सर्व लोखंड बसविलेले असते, जो भाग नेमबाज खांद्याला आणि गालाला टेकवितो, त्या भागाची दखल क्वचितच घेतली जाते. मराठीत या भागास दस्ता किंवा कुंदा म्हणतात. दस्ता म्हणजे केवळ धरण्याची मूठ नव्हे. गोळी सुटताना बसणारा धक्का तो पेलतो, नळीची यंत्रणा एका जागी स्थिर राखतो आणि माणसाचे शरीर व यंत्र यांचा सांधा जुळवितो. सांधा चुकला तर उत्तम नळीही नेम चुकविते.

लष्करी रायफल विकत घेऊन तिचा दस्ता बदलणे ही प्रथा विसाव्या शतकात, विशेषतः अमेरिकेत, फार मोठ्या प्रमाणावर रूढ झाली. वरवर पाहता हा शिकारी व नेमबाज मंडळींचा छंद वाटतो. तथापि या छंदाच्या मागे युद्धोत्तर बाजारपेठ, टपालाने होणारी विक्री, शस्त्रविषयक कायदे, जंगलातील अक्रोडाचे लाकूड आणि कारागिराचे कसब अशा अनेक गोष्टी एकत्र आलेल्या दिसतात. म्हणूनच हा विषय इतिहासाच्या अभ्यासकाने गांभीर्याने घेण्यासारखा आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. दस्त्याच्या यंत्रनिर्मितीचा प्रारंभ व प्रसार यांचा मागोवा घेणे.
२. बदली दस्त्याची बाजारपेठ कोणत्या ऐतिहासिक कारणांनी निर्माण झाली, हे तपासणे.
३. दस्ता बसविण्याच्या प्रक्रियेत यंत्रकाम व हातकाम यांचे नाते स्पष्ट करणे.
४. ऐतिहासिक साधन या दृष्टीने बदललेल्या दस्त्याचे मूल्यमापन करणे.

यासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

दस्त्याची यंत्रनिर्मिती : ब्लँचर्डचे लेथ

दस्त्याचा आकार कोठेही सरळ नसतो, गोल नसतो आणि चौकोनीही नसतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत तो पटाशी, रंधा व कानस यांच्या साहाय्याने हातानेच घडविला जाई. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील थॉमस ब्लँचर्ड (१७८८–१८६४) याने १८१९ मध्ये वेडावाकडा आकार कातणाऱ्या लेथचे पेटंट घेतले. त्याची कल्पना सोपी होती. एका बाजूस दस्त्याचा पक्का नमुना आणि दुसऱ्या बाजूस कच्चे लाकूड अशा रीतीने दोन्ही एकाच गतीने फिरत राहत. नमुन्याच्या पृष्ठभागावरून एक चाक सरकत असे आणि त्याच्या वरखाली होण्याबरोबर पात्याचे चाक लाकूड कापीत जाई. नमुना जसा, तशी नक्कल.

१८२० च्या दशकात ब्लँचर्डने स्प्रिंगफील्ड येथील शासकीय शस्त्रागारात काम केले आणि केवळ बाह्य आकारच नव्हे, तर नळीची खोबण, यंत्रणेची खाच आणि पट्ट्यांच्या जागा कोरणारी यंत्रांची एक मालिकाच उभी केली. एका दस्त्यावर क्रमाक्रमाने वेगवेगळी यंत्रे काम करू लागली. पुढे ‘अमेरिकी पद्धती’ या नावाने ओळखल्या गेलेल्या उत्पादनपद्धतीत धातूच्या भागांइतकाच या लाकूडकामाचाही वाटा होता, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

१८५३–५४ मध्ये ब्रिटिश अभियंत्यांनी अमेरिकेतील कारखान्यांना भेटी दिल्या. त्यानंतर लंडनजवळील एन्फिल्डच्या शासकीय कारखान्यासाठी मॅसॅच्युसेट्समधील एम्स कंपनीकडून दस्ते बनविण्याची यंत्रे मागविण्यात आली. ज्या पॅटर्न १८५३ एन्फिल्ड रायफलीच्या काडतुसांमुळे १८५७ च्या उठावाच्या इतिहासात तिचे नाव कायमचे कोरले गेले, तीच रायफल या यंत्रांवर बनू लागली. आपल्याकडील पाठ्यपुस्तकांत काडतुसाचे वेष्टन आले, परंतु त्या रायफलीचा दस्ता कसा बनत असे, ही बाब मात्र आली नाही.

बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल आणि तिचा लष्करी दस्ता

प्रशियाने १८४१ मध्ये स्वीकारलेली ड्रायसेची सुई-बंदूक ही बोल्ट सरकवून भरावयाच्या लष्करी रायफलींतील आद्य मानली जाते. पॉल माउझर (१८३८–१९१४) याच्या रचनेची परिणती जर्मन सैन्याने १८९८ मध्ये स्वीकारलेल्या माउझर ९८ या रायफलीत झाली. अमेरिकेची १९०३ ची स्प्रिंगफील्ड रायफल याच रचनेच्या प्रभावाखाली घडली. ब्रिटिशांनी जेम्स पॅरिस ली याची रचना स्वीकारली आणि १८९५ पासून ली-एन्फिल्ड ही साम्राज्याची रायफल ठरली.

लष्करी दस्ता सैनिकासाठी घडविलेला असे, परंतु तो सरासरी सैनिक होय. लाकूड जवळजवळ नळीच्या तोंडापर्यंत गेलेले असे, कारण तापलेल्या नळीपासून हात वाचवायचा आणि पुढे संगीन लावायची. मागील भाग बराचसा सरळ व खाली उतरलेला असे, कारण नळीवरील उघड्या माशीतून नेम धरावयाचा असे. वजन, मजबुती आणि संगीनयुद्ध या गरजा प्रधान होत्या. नेमबाजाच्या शरीराला अगदीच विसरले होते असे नाही. ली-एन्फिल्डचा दस्ता दोन तुकड्यांचा असून मागील तुकडा एका लांब बोल्टने धातूच्या खोबणीत आवळलेला असे. हा तुकडा सैनिकाच्या उंचीप्रमाणे वेगवेगळ्या लांबींत पुरविला जाई आणि त्यावर तशी अक्षरे उमटविलेली असत. लष्कराने दस्त्याची मापे ठरविली, व्यक्ती नव्हे. यानंतरचा इतिहास व्यक्तीने आपले माप परत मागण्याचा आहे.

छंद आणि बाजारपेठ : १९०३ ते १९६८

स्वतःच्या मापाचा दस्ता असलेली लष्करी रायफल प्रतिष्ठित करण्यात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचा वाटा मोठा आहे. १९०९ मधील आफ्रिकेच्या शिकारमोहिमेत त्यांच्यासोबत शिकारी धाटणीचा दस्ता असलेली स्प्रिंगफील्ड रायफल होती. या मोहिमेवरील त्यांचे पुस्तक १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. ते वाचून न्यूयॉर्कमधील सेमोर ग्रिफिन नावाच्या फर्निचर घडविणाऱ्या कारागिराने स्वतःच्या स्प्रिंगफील्डसाठी अक्रोडाचा दस्ता केला. पुढे १९२३ मध्ये ग्रिफिन अँड हाऊ ही संस्था स्थापन झाली. लॉस एंजेलिसच्या लुडविग वुंडहॅमर या कारागिराचे नावही याच काळात गाजले. मुठीच्या बाजूस तळहात भरून यावा म्हणून ठेवलेल्या फुगवट्यास आजही त्याच्याच नावाने ओळखतात. एका सुताराने आणि एका बंदूक-कारागिराने लष्करी यंत्राला दिलेला हा मानवी आकार होता.

परंतु हे दस्ते महाग होते. सर्वसामान्य माणसाला बदली दस्ता मिळण्यासाठी स्वस्त रायफल आणि स्वस्त दस्ता या दोन्हींची गरज होती. पहिली गरज युद्धांनी भागविली. पहिल्या महायुद्धात अमेरिकेत १९१७ च्या नमुन्याच्या एन्फिल्ड रायफली २० लाखांहून अधिक संख्येने तयार झाल्या. युद्धानंतर शासनाने नागरी नेमबाजीच्या संचालनालयामार्फत जुन्या रायफली नागरिकांना विकल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर परतणाऱ्या सैनिकांनी जर्मन माउझर रायफली सोबत आणल्या. १९५३ मध्ये सॅम्युअल कमिंग्ज याने स्थापन केलेल्या कंपनीने जगभरातील सैन्यांनी मोडीत काढलेली शस्त्रे घाऊक प्रमाणात अमेरिकेत आणली. अशी रायफल टपालाने घरपोच मिळत असे.

दुसरी गरज मिसूरी राज्यातील वॉर्सा या छोट्या गावाने भागविली. काळ्या अक्रोडाची झाडे विपुल असलेल्या या प्रदेशात ई. सी. बिशप आणि राइनहार्ट फाजेन या दोन्ही दस्ते बनविणाऱ्या कंपन्या होत्या. त्यांची यंत्रे मूलतः ब्लँचर्डच्याच तत्त्वावर, म्हणजे नमुन्यावरून नक्कल काढण्याच्या तत्त्वावर चालत. तयार होणाऱ्या मालास ‘अर्धे खाचकाम केलेला दस्ता’ असे म्हणता येईल. प्रत्यक्षात ९० टक्क्यांहून अधिक खाचकाम यंत्राने झालेले असे. उरलेले काम गिऱ्हाईकाने आपल्या घरच्या टेबलावर करावयाचे असे.

याच काळात दुर्बिणीचा वापर वाढला. दुर्बीण नळीच्या वर बसत असल्याने डोळा वर उचलावा लागे आणि जुन्या दस्त्यावर गाल टेकेनासा होई. त्यामुळे गालाची कड उंचावलेला दस्ता आवश्यक ठरला. १९४५ मध्ये कॅलिफोर्नियात व्यवसाय सुरू करणाऱ्या रॉय वेदरबी यांनी हा उंच, तिरपा व चकचकीत दस्ता लोकप्रिय केला. म्हणजे दस्ता बदलण्यामागे केवळ सौंदर्यदृष्टी नव्हती. एक सुटा भाग बदलला की त्याच्याशी जुळणारा दुसरा बदलणे भाग पडते, हा तंत्रज्ञानाचा नियम येथेही दिसून येतो.

दस्ता बसविण्याची प्रक्रिया : शेवटचे पाच टक्के

यंत्राने ९५ टक्के काम केले असताना उरलेल्या पाच टक्क्यांना इतके महत्त्व का, हे समजण्यासाठी ही प्रक्रिया पाहणे आवश्यक आहे. उदाहरण म्हणून माउझर ९८ घेऊ.

रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट काढला जातो. खालचे दोन स्क्रू सोडविले की चापाची कमान, काडतुसांची पेटी आणि नळीसह रिसीव्हर हे दस्त्यापासून सुटे होतात. या दोन स्क्रूंमधील अंतर सुमारे ७.८ इंच असते. मात्र युगोस्लाव्हियासारख्या देशांनी वापरलेल्या मध्यम लांबीच्या माउझरमध्ये ते सुमारे पाव इंचाने कमी भरते. नावाने ‘माउझर’ असलेल्या सर्व रायफलींना एकच दस्ता बसत नाही. येथेच पहिली फसगत होते.

नव्या दस्त्यात रिसीव्हर सरळ उतरावा म्हणून मूळ स्क्रूंच्या जागी बिनडोक्याचे लांब मार्गदर्शक स्क्रू लावतात. रिसीव्हरच्या तळाला काजळीसारखा काळा लेप अत्यंत पातळ लावून तो खाचेत दाबतात आणि पुन्हा उचलतात. जेथे लाकूड धातूला भिडले असेल तेथे काळा डाग उमटतो. तेवढाच डाग पटाशीने खरवडावयाचा आणि पुन्हा दाबून पाहावयाचे. ही क्रिया दहा-वीस नव्हे, तर कित्येकदा शंभराच्या घरात करावी लागते. घाई करणाऱ्याच्या हातून एकदा जास्त लाकूड निघाले की ते परत येत नाही.

सर्वांत कळीची जागा रिसीव्हरच्या पुढील खालच्या भागातील धक्का-दात ही होय. गोळी सुटताना मागे येणारा सर्व जोर हा दात लाकडावर टाकतो. म्हणून त्याची मागची बाजू लाकडाला पूर्णपणे भिडलेली असावी लागते, तर बाजूंना व खाली किंचित मोकळीक ठेवतात. रिसीव्हरच्या शेवटच्या निमुळत्या शेपटीमागे मात्र लाकूड भिडता कामा नये. ती भिडली तर प्रत्येक धक्क्याला पाचरीसारखी काम करते आणि दस्ता मुठीपाशी उभा चिरतो. काडतुसांची पेटी वर रिसीव्हरला व खाली कमानीला एकाच वेळी टेकत असेल तर स्क्रू कितीही आवळले तरी रिसीव्हर लाकडावर घट्ट बसत नाही. नेमबाजाला स्क्रू घट्ट वाटतात, गोळ्या मात्र विखुरतात.

नळीच्या खोबणीचा प्रश्न याहून नाजूक आहे. लाकूड ही जिवंत वस्तू नसली तरी हवेतील ओलाव्याबरोबर ते फुगते व आकसते. काळ्या अक्रोडाचे ओले लाकूड पूर्ण वाळविले असता वर्षवलयांच्या दिशेने सुमारे ७.८ टक्के आणि त्यांना छेदून जाणाऱ्या दिशेने सुमारे ५.५ टक्के आकसते. लांबीच्या दिशेने मात्र हे आकसणे नगण्य असते. त्यामुळे दस्ता लांबीत बदलत नाही, पण तो पिळवटतो आणि नळीवर एका बाजूने दाब देतो. हिवाळ्यात जुळविलेली रायफल पावसाळ्यात दुसरीकडे मारते, याचे कारण हेच. त्यावर उपाय म्हणून नळी लाकडापासून पूर्णपणे अधांतरी ठेवण्याची पद्धत रूढ झाली. दस्त्याच्या बाह्य भागाबरोबर आतील खाचेलाही जवसाचे तेल किंवा रोगण लावणे हेही तितकेच आवश्यक असते. बाहेरून चकाकणारा आणि आतून कोरा दस्ता हे अननुभवी कामाचे लक्षण होय.

यावरून असे दिसून येते की, यंत्राने एकसारखे दस्ते बनविले तरी रिसीव्हर एकसारखे नव्हते, लाकूड एकसारखे नव्हते आणि माणूस तर मुळीच एकसारखा नव्हता. अदलाबदलक्षमता ही एकाच कारखान्याच्या, एकाच मापपट्ट्यांच्या कुंपणात खरी होती. कुंपणाबाहेर पडताच तिला हाताचा आधार घ्यावा लागला. ज्या वस्तूने सुताराचे काम प्रथम यंत्राकडे नेले, त्याच वस्तूने शंभर-सव्वाशे वर्षांनी हजारो सामान्य माणसांच्या हातात पुन्हा पटाशी दिली, ही इतिहासातील लक्षणीय बाब आहे.

लाकडाकडून संमिश्र पदार्थाकडे

लाकडाच्या चंचलतेवर मात करण्याचे प्रयत्न युद्धकाळातच सुरू झाले होते. जर्मनीने १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात माउझरसाठी पातळ फळ्या चिकटवून केलेले दस्ते स्वीकारले. त्यात अक्रोडाची बचत होतीच, शिवाय असा दस्ता कमी पिळवटत असे. युद्धानंतर ईपॉक्सी राळ आणि काचतंतू यांचे मिश्रण खाचेत ओतून त्यावर रिसीव्हर बसविण्याची पद्धत नेमबाजांत पसरली. धातूला चिकटू नये म्हणून आधी विशिष्ट लेप दिला जातो. मिश्रण घट्ट झाले की रिसीव्हरचा हुबेहूब ठसा खाचेत तयार होतो. शंभर वेळा डाग पाहून खरवडण्याचे काम येथे बरेच कमी झाले.

१९५९ मध्ये रेमिंग्टन कंपनीने नायलॉनचा दस्ता असलेली छोटी रायफल बाजारात आणली. ती स्वयंभरणी रायफल होती. १९६२ मध्ये त्याच धर्तीच्या बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलीही आल्या. परंतु लाकडाची खरी परीक्षा व्हिएतनाममध्ये झाली. अमेरिकी मरीन दलाने १९६६ मध्ये स्वीकारलेल्या एम-४० या नेमबाज रायफलीचा दस्ता लाकडी होता. तेथील दमट हवेत तो फुगू व पिळवटू लागला. १९७० च्या दशकात आलेल्या सुधारित आवृत्तीत मॅकमिलनचा काचतंतूचा दस्ता बसविण्यात आला. १९८८ मध्ये अमेरिकी भूदलाने स्वीकारलेल्या एम-२४ रायफलीच्या दस्त्यात तर अ‍ॅल्युमिनियमचा कोरीव गाभाच घातलेला होता. अशा दस्त्यात स्क्रू ठराविक जोराने आवळले की काम होते, असे सांगितले जाऊ लागले.

म्हणजे अदलाबदलक्षमतेचे जुने स्वप्न लाकूड सोडल्यावर साकार झाले असे म्हणता येईल काय? बऱ्याच अंशी होय. तथापि अनुभवी कारागीर अशा ‘थेट बसणाऱ्या’ दस्त्यातही धक्का-दाताचा स्पर्श आणि पेटीची मोकळीक तपासल्याशिवाय राहत नाहीत. दुसरीकडे, वॉर्सा परंपरेतील फाजेन कंपनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस बंद पडली. तंत्र सुधारले, त्याबरोबर लाकूड ओळखणारा एक व्यवसाय मावळला.

कायदा आणि दस्ता : अमेरिका व भारत

२२ नोव्हेंबर १९६३ रोजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हत्येसाठी वापरलेली रायफल ही टपालाने मागविलेली, दुर्बिणीसह १९.९५ डॉलर किमतीची जुनी इटालियन लष्करी रायफल होती. १९६८ च्या शस्त्रनियंत्रण कायद्याने नागरिकांना टपालाने परस्पर शस्त्रे विकणे आणि परदेशी लष्करी शस्त्रांची आयात यांवर निर्बंध आणले. लष्करी शस्त्रांच्या आयातीवरील निर्बंध ऐतिहासिक संग्राह्य शस्त्रांपुरते १९८० च्या दशकात शिथिल झाले. येथे एक सूक्ष्म बाब महत्त्वाची आहे. या कायद्याच्या दृष्टीने रिसीव्हर हेच शस्त्र होय, दस्ता नव्हे. त्यामुळे रायफल टपालाने येणे थांबले तरी दस्ता येत राहिला. ज्या स्प्रिंगफील्ड शस्त्रागारात ब्लँचर्डने लेथ चालविले, ते शस्त्रागारही १९६८ मध्येच बंद झाले. आज तेथे संग्रहालय असून ब्लँचर्ड लेथ जतन केलेले आहे.

भारतात परिस्थिती निराळी होती. बंगालमधील ईशापूर येथे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रायफलनिर्मिती सुरू झाली. आपल्या पुण्याजवळील खडकीच्या कारखान्यात १८६९ पासून दारूगोळा तयार होऊ लागला आणि .३०३ काडतुसांवर उमटलेली खडकीची खूण संग्राहकांना परिचित आहे. ईशापूरच्या कारागिरांनी लाकडाच्या मर्यादेवर शोधलेला उपाय उल्लेखनीय आहे. धक्का पेलणाऱ्या जागी लाकूड दबू नये म्हणून दस्त्यात धातूच्या लहान पट्ट्या बसविण्यात आल्या. ऑस्ट्रेलियात लिथगो येथेही स्थानिक लाकडासाठी तांब्याच्या पट्ट्यांचा असाच वापर झाला. साम्राज्याची रायफल एकच होती, पण वसाहतींतील लाकूड वेगवेगळे होते आणि प्रमाणित नमुन्याला त्या लाकडापुढे नमते घ्यावे लागले.

नागरिकांसाठी मात्र .३०३ ऐवजी .३१५ ही वेगळ्या काडतुसाची रायफल बनविली गेली. लष्करी काडतूस सामान्य माणसाच्या हाती पडू नये, हे वसाहतकालीन धोरण त्यामागे होते. स्वातंत्र्यानंतरच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात अग्निशस्त्रांच्या व्याख्येत त्यांच्या भागांचाही समावेश असून शस्त्राची निर्मिती, दुरुस्ती व बदल यांसाठी परवाना आवश्यक ठरविला आहे. त्यामुळे घरच्या टेबलावर दस्ता कोरण्याची अमेरिकी प्रथा येथे रुजू शकली नाही. दुरुस्ती हे परवानाधारक कारागिराचे आणि शासकीय कार्यशाळेचे काम राहिले. रायफली बदलल्या नाहीत, केवळ दुरुस्त होत राहिल्या. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईतील छत्रपती शिवाजी टर्मिनसवर काही पोलिसांच्या हाती .३०३ रायफली होत्या, ही गोष्ट या दीर्घ आयुष्याची वेदनादायक साक्ष आहे.

बदललेला दस्ता : इतिहासाचे साधन

लष्करी दस्त्यावर तपासनिसाचे शिक्के, रायफलीचा क्रमांक, कारखान्याची खूण, डागडुजीची ठिगळे आणि कधी सैनिकाने कोरलेली अक्षरेही असतात. धातूवरील खुणा रायफल कोठे बनली हे सांगतात. लाकडावरील खुणा ती कोठे वापरली गेली हे सांगतात. दस्ता बदलताना हे लाकूड बहुधा फेकून दिले गेले. १९२० ते १९६० या काळात नव्याने दस्ता बसविलेल्या असंख्य रायफलींच्या बाबतीत युद्धाचा लाकडावरील पुरावा अशा प्रकारे नष्ट झाला. आज संग्राहक मूळ दस्त्यासह असलेल्या रायफलीसाठी अधिक किंमत मोजतात आणि बाजारात जुन्या लष्करी आकाराचे नवे बदली दस्तेही मिळतात. एकेकाळी लष्करी रूप पुसण्यासाठी दस्ता बदलला जाई, तर आता ते परत आणण्यासाठी बदलला जातो. नवा दस्ता जुना भासवून विकला गेला, तर अभ्यासकाची दिशाभूल अटळ आहे.

तथापि बदललेल्या दस्त्याकडे केवळ नासाडी म्हणून पाहणे एकांगी ठरेल. युद्धावरून परतलेल्या माणसाने शत्रूची रायफल घेऊन, तिच्यावरील संगीनीची जागा कापून, हिवाळ्याच्या रात्री अक्रोडाचा दस्ता कोरला असेल, तर ती कृतीही इतिहासाचाच भाग आहे. त्या खाचेतील पटाशीचे वळण, एका जागी जास्त निघालेले आणि मग राळेने भरलेले लाकूड, यांतून त्या अनामिक हाताची चूक व शिकणे दोन्ही दिसतात. अशा माणसाची नोंद अन्य कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.

आपल्या संग्रहालयांतील शस्त्रांच्या नोंदींत सामान्यतः नाव, काळ व लांबी एवढेच नमूद असते. दस्ता मूळचा आहे की बदललेला, लाकूड कोणते, खाचकाम यंत्राचे की हाताचे, आतील बाजूस क्रमांक जुळतो काय, या चार प्रश्नांची नोंद घेतली तरी साधनमूल्य कितीतरी वाढेल. इतिहास विभागातील विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणूनही हे काम देता येईल.

निष्कर्ष

१. दस्त्याची नक्कल करणारे लेथ (१८१९) हे अमेरिकी उत्पादनपद्धतीच्या पायाभूत घटकांपैकी एक होते. त्यामुळे लाकूडकामाला वगळून अदलाबदलक्षमतेचा इतिहास पूर्ण होत नाही.
२. बदली दस्त्याची बाजारपेठ ही महायुद्धांतील शिलकी शस्त्रे, टपाल-विक्री, दुर्बिणीचा प्रसार आणि रिसीव्हरलाच शस्त्र मानणारा कायदा यांच्या संयोगातून उभी राहिली व टिकली.
३. लाकडी दस्ता बसविताना यंत्राचे काम अंतिम ठरत नाही. रिसीव्हर, लाकूड व माणूस यांतील भिन्नता हातकामानेच मिटवावी लागते. संमिश्र पदार्थांनी ही गरज कमी केली, संपविली नाही.
४. भारतात कायद्याच्या निराळ्या चौकटीमुळे बदलाऐवजी दुरुस्तीची परंपरा वाढली.
५. बदललेला दस्ता हा पुराव्याचा नाशही आहे आणि नवा पुरावाही आहे. त्याची नोंद घेताना दोन्ही बाजू ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

एक नमुना बनविला की त्याच्या लाखो नकला निघतात, हा आत्मविश्वास गेल्या दोन शतकांतील उद्योगाने आपल्याला दिला. तो बहुतांशी खरा आहे. परंतु नक्कल आणि जुळणी या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली यंत्राने साधते. दुसरीसाठी काळा डाग पाहून तेवढेच लाकूड खरवडण्याचा संयम अजूनही लागतो.